फ्लॅट लहान नाही जी, कूलरनं खिडकी खाल्ली आहे

भाऊ, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. नागपुरात मनीषनगरला दुसऱ्या माळ्यावर 2 बीएचके, बिल्डिंग 14 वर्षं जुनी, हॉलची खिडकी पश्चिमेला. चार महिन्यांत नऊ जण पाहून गेले, सगळ्यांनी चहा घेतला आणि "छान आहे, पण जरा लहान वाटून राहिला" म्हणून गेले ते गेलेच. आता तुम्ही विचारताय की हॉल आणि किचनमधली भिंत पाडू का, फॉल्स सीलिंग करू का, मोठा आरसा लावू का, की सरळ घर रिकामं करून दाखवू. फोटो पाहिले तुमचे, नीट मोठे करून पाहिले. चारही गोष्टींना माझं उत्तर जवळपास नाहीच आहे, पण का नाही ते सांगते.

मी नागपुरात रिसेल फ्लॅटचं काम करते, 17 वर्षं झाली, त्याआधी चार वर्षं एका इंटिरियरवाल्याकडे नकाशे काढत होते, त्यामुळे मापाचा टेप पर्समध्ये असतोच. आणि इतक्या वर्षांत एक कळलं, गिऱ्हाईक "लहान वाटतो" म्हणतं तेव्हा दर वेळी त्याचा अर्थ लहान असाच नसतो. बऱ्याचदा त्याचा अर्थ "महाग आहे" असा असतो, पण तुमच्या सोफ्यावर बसून, तुमच्या हातचा चहा पीत, तुमच्या आईसमोर कोण म्हणेल की तुमचा भाव जास्त आहे? मग लहानपणावर ढकलतात. तुमच्याच बिल्डिंगमध्ये किंवा शेजारच्या गल्लीत गेल्या वर्षभरात कोणत्या भावाला रजिस्ट्री झाली ते आधी काढा. भावच वर असेल तर खाली लिहिलेलं सगळं करूनही फरक थोडाच पडेल, हे आधीच सांगून ठेवते.

दुसरी गोष्ट म्हणजे जाहिरातीतला आकडा. तुम्ही लिहिलंय "1050 स्क्वेअर फूट". हा सुपर बिल्टअप आहे ना? जिना, लिफ्ट, भिंतींची जाडी सगळं धरून बिल्डरनं तेव्हा सांगितलेला. आतलं तुमचं 720 च्या आसपास असेल, फोटोवरून तरी तसंच दिसतं. आता विचार करा, माणूस डोक्यात 1050 घेऊन जिना चढतो आणि दार उघडल्यावर 720 दिसतात, त्याला लहान वाटणार नाही तर काय होईल? घर तेच, पण तुम्हीच त्याला मोठं सांगून बोलावलंत. आता 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यात, कार्पेटची, म्हणजे आतल्या वापराच्या जागेची, व्याख्या ठरलेली आहे, आतल्या पार्टिशन भिंती त्यात धरतात पण बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत. रोज दहा नवे प्रोजेक्ट पाहणारा माणूस कार्पेटच विचारतो. तुम्ही जुन्या बिल्डिंगवाले, तुम्हाला कोणी रेरा लावत नाही, पण जाहिरातीत "कार्पेट 720, बाल्कनी वेगळी" असं स्वच्छ लिहा. फोन कमी येतील. जे येतील ते तयारीनं येतील आणि "अरे, 720 च्या मानानं बरा मोठा आहे" म्हणतील.

आता तुमचा हॉल. तुम्ही 10 बाय 16 लिहिलंय. लांबीची काही अडचण नाही, सगळी मारामारी त्या 10 फुटांत आहे. हिशेब करू. 10 फूट म्हणजे 120 इंच. एका भिंतीला तो सागवानी सोफा, सुंदर आहे, आलापल्लीकडचं लाकूड असेल तर आता तसं मिळणारही नाही, पण त्याची खोली 32 इंच धरा. समोरच्या भिंतीला शोकेसवालं टीव्ही युनिट, 20 इंच. मध्ये काचेचा टीपॉय, 24 इंच. उरले 44 इंच, तेही टीपॉयच्या दोन बाजूंना वाटून, म्हणजे 22 आणि 22. बावीस इंचांतून माणूस आडवा होऊन जातो, अंग चोरून. तुम्हाला सवय झाली आहे, तुम्ही अंधारातही जाल, पण नवा माणूस गुडघा वाचवत चालतो आणि त्या गुडघ्यानंच ठरवतो की हॉल लहान आहे. टीपॉय उचला, एकदम 68 इंच मोकळे झाले, साडेपाच फुटांच्या वर. शोकेस काढून टीव्ही भिंतीवर घेतला आणि खाली 12 इंची पट्टी ठेवली तर 76. एक रुपया खर्च न करता हॉल सव्वासहा फूट मोकळा. मग चहा कशावर ठेवायचा म्हणाल तर सोफ्याच्या बाजूला एक स्टूल, बस्स.

माझा ठोकताळा एवढाच की दारातून खिडकीपर्यंत आणि दारातून प्रत्येक खोलीपर्यंत अडीच-तीन फुटांची वाट मोकळी पाहिजे आणि त्या वाटेवर फरशी दिसली पाहिजे. जमीन जितकी दिसते तितकी खोली मोठी वाटते, त्यात दुसरं काही शास्त्र नाही. म्हणूनच पायांवर उभं असलेलं फर्निचर, ज्याच्या खालून फरशी दिसते, ते जमिनीला टेकलेल्या पेटीपेक्षा हलकं वाटतं. आणि तो गालिचा काढा, चार बाय सहाचा गालिचा म्हणजे हॉलच्या मधोमध "खोली एवढीच आहे" अशी चौकट आखून ठेवल्यासारखं होतं.

आता कूलर. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पुण्या-मुंबईच्या लोकांचे घर सजवण्याचे जे सल्ले फिरत असतात त्यात कूलरचं नावच नसतं, आणि नागपुरातली निम्मी घरं कूलरनंच लहान केलेली आहेत. आपण काय करतो, होळी झाली की खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, त्यावर कूलर, त्याचं तोंड आत. खिडकी चार बाय चारची, तोंड अडीच फुटांचं, मग उरलेल्या जागेत प्लायवूड, नाहीतर थर्माकोल, नाहीतर जुन्या टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा. बरं, पावसाळ्यात काढावा तर "पुन्हा होळीला लावायचाच आहे ना" म्हणून तो बाराही महिने तिथंच. तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसतोच आहे, आता दसरा तोंडावर आलाय आणि प्लायवर कॅलेंडर टांगलंय! 16 स्क्वेअर फुटांची खिडकी आणि उजेड शून्य. वरून खस कुजल्याचा तो ओलसर वास. तुम्हाला तो येत नसेल, पाहुण्याला पहिल्या श्वासात येतो.

हॉलची दूरची भिंत अंधारात गेली की डोळ्याला ती जवळ आल्यासारखी वाटते, आणि दूरच्या टोकाला उजेड असला की नजर थेट तिथपर्यंत जाते आणि खोलीची पूर्ण लांबी मोजते. तुमच्याकडे 16 फूट आहेत हो, पण दिसतात 12. कूलर उतरवा, प्लाय काढा, ग्रिलवर पाण्याच्या क्षाराचे पांढरे थर असतील ते घासून काढा नाहीतर एक हात काळा ऑइलपेंट मारा, खालच्या भिंतीवर ओघळ असतील तिथं पुट्टी मारा. काचेवर उन्हासाठी चिकटवलेली काळी फिल्म असेल तर तीसुद्धा खरवडून काढा. एका मजुराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. गिऱ्हाईक विचारेलच की उन्हाळ्यात कूलर कुठं लागतो, नागपूरचा माणूस हे विचारल्याशिवाय राहत नाही, तर बाहेरचं स्टँड राहू द्या आणि बोट दाखवून सांगा की इथं. एप्रिल-मे मध्ये विकायची वेळ आली असती तर सल्ला वेगळा असता, 45 डिग्रीत कूलर काढून घर दाखवलं तर लोक दोन मिनिटांत पळतील, तेव्हा हॉलचा काढून बेडरूमचा चालू ठेवा म्हटलं असतं.

बाल्कनीचंही तेच. हिरवी जाळी, त्यामागं वॉशिंग मशीन, पाण्याचा निळा ड्रम, कपड्यांच्या दोऱ्या, तुटलेली सायकल. बाल्कनी दिसली तर हॉल तिथपर्यंत लांब वाटतो. ड्रम आणि तुळस ठेवा, बाकी हलवा. जाळी एका बाजूनं गुंडाळून बांधा.

दाराबद्दल कोणी सांगत नाही ते सांगते. तुमचं मेन दार पूर्ण उघडतं का, की साठ-सत्तर टक्के उघडून काहीतरी मऊ लागतं आणि थांबतं? बहुतेक घरांत दारामागं हुक असतात, त्यावर जर्किन, छत्री, भाजीच्या पिशव्या, हेल्मेट, आणि खाली चपलांचं स्टँड. माणूस आत शिरतानाच अर्ध्या दारातून शिरतो. पहिलं मत तिथंच बनून जातं, पुढं तुम्ही बेडरूम कितीही दाखवा. बेडरूमच्या दारामागं तर गाऊन आणि टॉवेलांचं गाठोडंच असतं. सगळे हुक काढा, दार भिंतीला टेकलं पाहिजे.

तुमच्या बाबांच्या दिवाणाचं तुम्ही लिहिलंय की तो हलवता येणार नाही, ते दिवसभर तिथंच बसतात. बरोबर आहे, नका हलवू. घर विकायचं म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठवून आतल्या खोलीत बसवायचं हे मला स्वतःला पटत नाही. फक्त दिवाण खिडकीसमोरून काढून सोफ्याच्या रांगेत, त्याच भिंतीला घ्या, 16 फूट लांबीत दोन्ही मावायला हवेत, सिंगल खुर्च्या दोन्ही बाहेर काढल्या तर. दिवाणाखालच्या ट्रंका मात्र काढा आणि चादर जमिनीपर्यंत लोंबणारी नको, खालून फरशी दिसू द्या. खुर्च्या आणि ट्रंका भावाकडे, गावी, कुठंही पाठवा, फक्त खालच्या पार्किंगमध्ये ठेवू नका, गिऱ्हाईक गाडी तिथंच लावतं आणि पाहतं.

रंग. हॉलमधली ती एक मरून भिंत जाऊ द्या. दहा-बारा वर्षांपूर्वी सगळ्यांनी केली होती, मीही केली होती. गडद भिंत पुढं येते, आणि तुमची तर रुंदीवरची भिंत आहे. चारही भिंती एकाच फिक्या ऑफव्हाइटमध्ये, छत पांढरं, एवढंच. झगझगीत पांढरा नको, पश्चिमेच्या उन्हात डोळ्यावर येतो. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीला चिकटून असते ती वर छताजवळ न्या आणि दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच जास्त लांब घ्या, म्हणजे पडदे उघडल्यावर भिंतीवर जाऊन बसतात, काच अडवत नाहीत. खिडकी आहे त्यापेक्षा मोठी वाटते आणि छतही उंच वाटतं. दिवे सगळीकडे एकाच रंगाचे, हॉलमध्ये निळसर ट्यूब आणि पॅसेजमध्ये पिवळा बल्ब असं झालं की घराचे तुकडे पडतात.

पण रंगाच्या बाबतीत एक इशारा. बाथरूमलगतच्या भिंतीला ओल असेल तर त्यावर नुसता रंग फासून किंवा कपाट लावून झाकू नका. खरेदीदाराला साध्या नजरेनं दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो सांगायचा, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्येच आहे. आणि कायदा राहू द्या बाजूला, इसार घेतल्यावर ओल दिसली तर व्यवहार मोडतो आणि वर मोहल्लाभर बोभाटा. घर मोकळं दाखवणं वेगळं आणि लपवणं वेगळं.

आता तुमचे चार उपाय. भिंत पाडणं, अजिबात नाही. 14 वर्षांची बिल्डिंग म्हणजे कॉलम-बीमची असेल आणि ती भिंत चार इंची विटांची असेल, पडून जाईलही, पण इंजिनियरनं पाहिल्याशिवाय हे फोटोवरून कोणी सांगू नये, मीही सांगत नाही. खरी भानगड पुढं आहे. तुमचा खरेदीदार कर्ज काढणार, बँकेचा व्हॅल्युएशनवाला मंजूर नकाशा घेऊन येणार आणि जागेवर भिंत नसेल तर शेरा मारणार. माझ्या एका गिऱ्हाइकानं बाल्कनी हॉलमध्ये घेतली होती, हॉल खरंच देखणा झाला होता, पण कर्ज अडलं, दोन महिने फाइल फिरली, शेवटी खरेदीदार कंटाळून दुसरीकडे गेला. शिवाय सगळ्यांनाच किचन उघडं नको असतं, फोडणीचा ठसका हॉलमध्ये यावा असं कोणाला वाटतं?

फॉल्स सीलिंग नको, सहा-आठ इंच उंची जाते आणि पैसे वसूल होत नाहीत. आरसा चालेल, पण कूलर काढल्यावर, खिडकीचा उजेड पकडेल अशा जागी, त्यात सोफ्याची पाठ आणि वायरी दिसत असतील तर पसारा दुप्पट दिसतो. मेन दारासमोर आरसा लावू नका, वास्तू पाहणारे लोक तिथंच अडतात. आणि वास्तू तुम्ही माना की न माना, येणारे दहातले बरेच जण मानतात, ईशान्य कोपरा हलका आणि स्वच्छ ठेवा. कोपरा रिकामा असला की खोलीही मोठीच वाटते, तेव्हा भांडायचं कारण नाही.

घर पूर्ण रिकामं करून दाखवणं, ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या काळात प्रतापनगरचा एक फ्लॅट मालकाला सांगून अगदी झाडून रिकामा करवून घेतला, वाटलं आता मैदान दिसेल. उलटच झालं. रिकाम्या खोलीत माणसाला मापाचा अंदाजच येत नाही, आवाज घुमतो, भिंतीवरच्या फोटोंचे डाग आणि खिळ्यांची भोकं तेवढी दिसतात, आणि प्रत्येक बाई बेडरूमच्या दारात उभं राहून विचारायची, "इथं डबल बेड बसते का जी?" शेवटी मी बेड परत आणून टाकला तेव्हा प्रश्न थांबला. तुमची बेडरूम 10 बाय 11 ची आहे, साडेसहा फूट लांबीचा बेड आणि दोन फुटी कपाट 11 फुटांच्या बाजूला लावलं तरी मध्ये अडीच फूट उरतात. हे सांगून पटत नाही, दिसलं की पटतं. तर बेड ठेवा, एकच कपाट ठेवा, कपाटावरच्या सुटकेसा आणि रजयांची गाठोडी खाली घ्या. कपाट आणि छत यांच्यामध्ये हवा दिसली पाहिजे.

किचनमध्ये फक्त ओटा मोकळा करा, मिक्सर-डबे आत, फ्रिजवरचं सामान खाली, दारावरचे मॅग्नेट आणि दुधाचा हिशेब काढा. बाथरूममध्ये एक बादली, एक मग. पुरे.

फोटो पुन्हा काढा, आणि मोबाइलमधल्या त्या 0.5 वाल्या वाइड लेन्सनं काढू नका. त्यात हॉल 20 फुटांचा दिसतो, मग प्रत्यक्षात 16 चा पाहून पुन्हा तीच 1050-720 वाली निराशा. साध्या लेन्सनं, कोपऱ्यात उभं राहून, छातीच्या उंचीवरून. दाखवायची वेळ सकाळी दहा ते बारा ठेवा, पश्चिमेच्या खिडकीतून तेव्हा शांत उजेड येतो. संध्याकाळी चार-पाचला ऊन थेट आत येऊन "इथं लय गरम होत असंन" ऐकायला मिळेल. ऑफिसनंतर येतो म्हणणाऱ्याला रविवार द्या, कारण नोव्हेंबरात आपल्याकडे साडेपाचलाच दिवस मावळतो, मुंबईच्या पंचवीसेक मिनिटं आधी, आणि ट्यूबलाइटमध्ये कोणताही हॉल दोन फूट आखडतो. लोक आले की सगळ्या घरानं त्यांच्यामागं फिरू नये, 720 फुटांत पाच माणसं तुमची आणि चार त्यांची झाली तर मग फर्निचर काढून उपयोग काय. एकानं दाखवावं, बाकीच्यांनी बाबांजवळ बसावं.

क्रम असा ठेवा. या रविवारी कूलर, टीपॉय, गालिचा, दारामागचे हुक, याला पैसे लागत नाहीत. मग घरातलाच पण वर्षभरात न आलेला कोणी, मावशी, मेहुणा, यांना बोलवा आणि काही न सांगता दारातून आत येऊ द्या, ते कुठं थबकतात, कुठं वळतात तेवढं पाहा. त्यानंतरच पेंटर. आणि पेंटरच्या आधी मला दोन मापं कळवा, सोफ्याच्या हातासकट लांबी किती आणि दिवाणाची किती. दोन्ही मिळून 14 फुटांच्या आत असतील तर मी म्हटलं तसं एका भिंतीला बसतंय. जास्त असेल तर सोफ्याचा तीन सीटचा भाग ठेवून बाकीचं भावाकडे पाठवावं लागेल, मग पडद्याची दांडी कुठून कुठपर्यंत घ्यायची तेही बदलतं.